भूल दिलेल्या माणसाच्या वतीने

चि. ऋतुजा हिस,


तुझी ड्यूटी ऑपरेशन थिएटरला लागल्याचं दादाने फोनवर सांगितलं. आनंद झाला. ट्रॉली लावणं, हत्यारांची नावं, ऑटोक्लेव्ह हे सगळं जमेल, पण मोठ्या डॉक्टरांसमोर तोंड उघडायची भीती वाटते, असं तू त्याला म्हणालीस म्हणे. बाकीचं तुझ्या इन्चार्ज सिस्टर शिकवतीलच. मी या भीतीबद्दलच लिहिते आहे.

वॉर्डातला पेशंट हटकू शकतो. “सिस्टर, ही गोळी माझी नाही,” असं तो म्हणतो आणि चूक तिथेच थांबते. थिएटरात भूल चढली की त्याला काही म्हणता येत नाही. चुकीची बाजू रंगवली, चुकीचं रक्त लावलं, पोटात काही राहिलं, तरी तो गप्पच राहणार. त्याच्या वतीने बोलायला त्या खोलीत आपण असतो. म्हणून तिथे बोलण्याला धाडस समजू नकोस. सलाइन लावण्याइतकंच ते तुझं नेमून दिलेलं काम आहे.

या कामाची सुरुवात पेशंट शुद्धीवर असतानाच होते. “तुम्ही शांताबाई पाटील ना?” असं कधी विचारू नकोस. घाबरलेलं माणूस कशालाही मान डोलावतं, आणि आपल्याकडे एका यादीत दोन-दोन पाटील असतात. “तुमचं पूर्ण नाव सांगा. कशाचं ऑपरेशन आहे? कुठल्या बाजूचं?” असं विचार आणि उत्तर त्यांच्या तोंडून येऊ दे. मग ते हातावरची पट्टी, केसपेपर, संमतीपत्र आणि सर्जनने शाईने केलेली खूण या सगळ्यांशी ताडून बघ. “काही खाल्लं का?” एवढंच विचारून भागत नाही. आपली माणसं चहा खाण्यात धरत नाहीत आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते. दुधाचा चहा घेतला असेल तर भुलीआधी सहा तास जावे लागतात. साध्या पाण्याला दोन तास पुरतात. तेव्हा “सकाळपासून तोंडात काय काय गेलं?” असं खोदून विचार. तंबाखू, मिश्री, कवळी, औषधाची ॲलर्जी, हेही त्याच वेळी विचारून घे.

तुमच्याकडे भिंतीवर सेफ्टी चेकलिस्ट लावलेली असेल. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००८ साली आणली. त्या कामाचं नेतृत्व करणारे सर्जन डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत वाढले, पण त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. एकोणीस मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. ऑपरेशननंतरचं मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत गेलं का, रक्त तयार आहे का, हे मोठ्याने विचारायचं आणि मोठ्याने उत्तर द्यायचं, एवढंच.

पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात अशीच यादी सगळीकडे वापरात आली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि यादी येण्याआधीच्या व नंतरच्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कागद तसाच, गुण मात्र आला नाही. याची कारणं पुष्कळांनी पुष्कळ सांगितली. मला माझ्या नोकरीत दिसलेलं एक सांगते: केस संपल्यावर कोपऱ्यात बसून एकाच पेनने सगळ्या रकान्यांत टिक केलेले फॉर्म मी पाहिले आहेत. तसा फॉर्म तू कधी भरू नकोस, आणि कुणी भरायला सांगितला तर “सर, आपण आत्ता विचारून घेऊ” म्हण. टाइम आउटला, म्हणजे चीर देण्याआधीच्या थांब्याला, सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं असतं. तो मुद्दा अनेक ठिकाणी गाळतात. तुमच्याकडे गाळत असले तरी तू आपलं नाव सांग. ज्याचा आवाज सुरुवातीला एकदा निघाला, त्याला अडचणीच्या वेळी तो काढणं सोपं जातं.

आता काउंटबद्दल. रक्त टिपायचे मॉप आणि गॉज स्क्रब सिस्टर आणि बाहेरची सिस्टर अशा दोघींनी मिळून, एकेक सुटा करून, मोठ्याने मोजायचे. केस सुरू होण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि त्वचेला टाके घालण्याआधी. मध्येच नवं पाकीट उघडलं तर फळ्यावर लगेच आकडा वाढवायचा. मॉप कधी कापायचा नाही. स्क्रब सिस्टर बदलली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. शेवटचा काउंट जुळेपर्यंत वापरलेल्या मॉपची बादली खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही.

माझ्या वरिष्ठ सिस्टरांचं एक उदाहरण मी पुढे सगळ्या मुलींना सांगत आले. रात्रीची सिझेरियनची केस होती. बाळ सुखरूप, रक्तस्राव आटोक्यात, सर्जनने पोट बंद करायला सुई हातात घेतलेली. काउंटला एक मॉप कमी. पुन्हा मोजला, तरी कमी. सर्जन म्हणाले, “बादलीत असेल, बघा नंतर.” सिस्टर सावकाश म्हणाल्या, “सर, बादली बघितली. एक मॉप कमी आहे. पोट बंद करू नका.” आवाज चढवला नाही, पण पुढचं हत्यारही दिलं नाही. सर्जनने पुन्हा हात आत घातला. आतड्याच्या कडेला, वर यकृताच्या बाजूला सरकलेला मॉप निघाला. रक्ताने इतका भिजलेला, की समोर असूनही वेगळा ओळखू येत नव्हता. तो हाताला लागला नसता तर पेशंट टेबलावर असतानाच एक्स-रे काढायचा होता. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा त्यासाठीच असतो.

न बोलल्याने काय होतं तेही ऐकून ठेव. २००५ साली इंग्लंडमध्ये एक तरुण बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, ऑक्सिजन खाली आला. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. एका सिस्टरने गळ्यातून वाट करायचा ट्रॅकिओस्टॉमीचा सेट आणून ठेवला, दुसरीने आयसीयूत खाट सांगितली. काय करायला हवं ते त्यांना कळत होतं. पण डॉक्टरांच्या कानी ते घालायचं कसं, हे कळत नव्हतं. तेरा दिवसांनी ती बाई गेली. तिचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक. विमानात कनिष्ठाने कॅप्टनला टोकायचं शिक्षण दिलं जातं, ते थिएटरातही दिलं जावं म्हणून त्यांनी पुढची वर्षं घालवली.

म्हणून वाक्यं आधीच पाठ करून ठेव. गडबडीत शब्द सुचत नाहीत. पहिल्यांदा दिसतं ते सांग: “सर, सॅच्युरेशन ८० आहे.” लक्ष गेलं नाही तर नाव घेऊन: “देशमुख सर, मला काळजी वाटते, सेट उघडू का?” तरीही नाही तर: “सर, थांबा. पेशंटला धोका आहे.” आदर शब्दांत ठेव, संकोच ठेवू नकोस. कधी बोलणी बसतील. त्या दिवशी वाईट वाटेल, पण पेशंट घरी जाईल. आणि वारंवार दाबलं जात असेल तर मेट्रनना लेखी कळव. मनात ठेवू नकोस.

शेवटचं. बोलण्याचा हा हक्क तुझ्याखालच्यांनाही आहे. सफाईच्या मावशी म्हणाल्या, “सिस्टर, टेबलाखाली काहीतरी पडलंय,” तर हातातलं ठेवून बघ. पुढे तू इन्चार्ज होशील, आणि एखादी नवी मुलगी चाचरत “थांबा” म्हणेल. तिची शंका चुकीची निघाली तरी सगळ्यांसमोर तिला शाबासकी दे. कारण तिला तेव्हा गप्प केलंस, तर ज्या दिवशी ती बरोबर असेल त्या दिवशी ती बोलणार नाही.

पहिला आठवडा झाला की फोन कर. जेवणाची हेळसांड करू नकोस. थिएटरात उपाशी उभं राहणं पेशंटच्याही हिताचं नाही.

तुझी,
आत्या