एक माहिती, एक जागा

प्रस्तावना

घरखर्चाच्या वहीत एकच रक्कम दोन पानांवर लिहिली आणि पुढे एकाच पानावर दुरुस्त केली, तर खरी रक्कम कोणती मानावी? संगणकाच्या आज्ञावलीतही असाच पेच उद्भवतो. तो कसा सोडवला जातो, हे या पाठात आपण पाहू.

मूळ पाठ

कार्यप्रणाली आणि डिस्क यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. उपकरणाची क्षमता नोंदवण्यासाठी 'फ्लॅग' वापरतात. फ्लॅग म्हणजे केवळ 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगणारी खूण.

आपण फाइल पुसली, तरी तिची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला आपोआप कळत नाही. ते कळवणाऱ्या आज्ञेला लिनक्समध्ये 'डिस्कार्ड' म्हणतात. ही आज्ञा उपकरणाला चालते की नाही, याची नोंद लिनक्सच्या कर्नलमध्ये पूर्वी दोन ठिकाणी असे. एक नोंद फ्लॅगची. दुसरी, एका आज्ञेत जास्तीत जास्त किती जागा मोकळी करता येईल, हे सांगणाऱ्या संख्येची. संख्या शून्य असेल, तर क्षमता नाही हे उघडच आहे. मग वेगळी खूण कशासाठी? शिवाय खूण 'आहे' म्हणते आणि संख्या मात्र शून्य, अशी विसंगतीही संभवते. म्हणून २०२२ मध्ये कर्नलच्या ५.१९ या आवृत्तीतून ती खूण वगळण्यात आली.

परंतु एके ठिकाणी विशेष दक्षता घ्यावी लागली. 'रेड-५' या रचनेत माहिती अनेक डिस्कवर विभागून ठेवतात आणि तिच्यासोबत पडताळ्याची नोंदही ठेवतात. त्यामुळे एखादी डिस्क बिघडली, तरी तिच्यातील माहिती पुन्हा मिळवता येते. मात्र मोकळी केलेली जागा वाचताना प्रत्येक उपकरण शून्यच देईल, अशी खात्री नसते. तसे न झाल्यास पडताळा चुकतो आणि परत मिळवलेली माहितीच चुकीची ठरू शकते. म्हणून वापरकर्त्याने हमी दिल्याखेरीज हा ड्रायव्हर डिस्कार्ड बंद ठेवतो. पूर्वी त्यासाठी खूण पुसणे पुरेसे होते. खूण गेल्यावर संख्याच शून्य करणे आवश्यक झाले. हा बदल राहून गेला असता, तर फ्लॅगसोबत माहितीचे संरक्षणही गेले असते.

सारांश, अनावश्यक ते अवश्य काढावे; परंतु त्यावर कोण विसंबून आहे, हे आधी पाहावे.

शब्दार्थ

विसंगती – मेळ नसणे
दक्षता – सावधपणा
विसंबणे – भरवसा ठेवणे

पाठगत प्रश्न

१. डिस्कार्डचा फ्लॅग अनावश्यक का ठरला?
२. 'रेड-५'मध्ये कोणता बदल करावा लागला आणि का?