विजेचा भुकेला प्रोसेसर : घ्यावा की न घ्यावा?

लग्नाच्या चित्रफिती तयार करणारे आमच्या ओळखीचे एक व्यवसायबंधू आहेत. तालुक्याच्या गावी त्यांचे छोटे दुकान आहे. लग्नसराईच्या दोन महिने आधी ते आले आणि म्हणाले, "भाई, संगणक फार रखडतो. दुकानदार म्हणतो, आय-९ टाकून घ्या, तिप्पट वेग मिळेल. दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी ठेवलेले पैसे आहेत, तेच घालू का?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. पत्रिका छापणारे, फ्लेक्सचे काम करणारे, भरतकामाचे डिझाइन संगणकावर काढणारे, फर्निचरचे नकाशे करणारे अशा अनेक बंधूंपुढे तो उभा राहतो. म्हणून त्यांच्याच उदाहरणावरून तो तपशिलाने पाहू.

त्यांच्या संगणकात इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा २०२२ साली आलेला प्रोसेसर आहे. त्यात ६ कोअर, म्हणजे काम करणारे सहा हात. कंपनीने दिलेली मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आणि जोरात चालताना जास्तीत जास्त ११७ वॅट. दुकानदार देऊ पाहत होता तो कोअर आय-९ १४९००के, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला. त्यात २४ कोअर, त्यांपैकी ८ मोठे व १६ लहान. मूळ मर्यादा १२५ वॅट, जास्तीत जास्त २५३ वॅट. दोन्ही एकाच बैठकीवर, एलजीए १७०० वर बसतात. त्यामुळे "जुना काढला, नवा बसवला" एवढे काम सोपे वाटते.

१९९३ साली पहिला पेंटियम आला तेव्हा तो सुमारे १५ वॅट वीज खातो म्हणून लोक कुरकुरले होते. आज तेवढ्यात मोठ्या प्रोसेसरची नुसती सुरुवातही होत नाही.

वीजबिलाची भीती किती खरी?

प्रथम बिलाचा हिशोब करू, कारण लोक घाबरतात ते याच गोष्टीला. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. २५३ वॅटचा प्रोसेसर पूर्ण जोराने चार तास चालला तर जवळपास एक युनिट. आपल्या बिलात सर्व आकार धरून युनिट १२ रुपयांना पडते असे समजा. म्हणजे रोजचे १२ रुपये, ३०० दिवसांचे ३,६०० रुपये. शिवाय काम लवकर संपले तर प्रोसेसर लवकर थंड बसतो. साठ मिनिटे ११७ वॅट खाणे म्हणजे ११७ वॅट-तास. तेच काम वीस मिनिटांत २५३ वॅटने झाले तर ८४ वॅट-तास. आय-५ प्रत्यक्षात बहुधा आपल्या कमाल मर्यादेच्या खालीच चालतो, त्यामुळे बचत होईल असे मी म्हणणार नाही. पण एकेका कामामागे वीज साधारण तितकीच लागते. ज्या कारणासाठी लोक भितात ते कारण लहानच आहे.

खर्च वाढतो तो दुसरीकडे. १४९००के च्या खोक्यात पंखा येत नाही. वेगळा मोठा कूलर घ्यावा लागतो आणि पुष्कळदा पाण्याने थंड करणारा. आमच्या बंधूंचा मदरबोर्ड एच६१० जातीचा, स्वस्तातला. बायॉस नवे केले तर तो नव्या प्रोसेसरला ओळखतो खरा, पण प्रोसेसरला वीज पुरवणारा त्याचा भाग एवढे ओझे सलग पेलत नाही. तो तापतो आणि प्रोसेसरलाच हळू चालवतो. म्हणजे पैसे आय-९ चे आणि चाल आय-५ पेक्षा थोडी बरी! मग मदरबोर्डही बदलणे आले.

आता यूपीएस. दुकानात सर्रास दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच भार घेतो. हिशोब मांडू. प्रोसेसर २५३, त्यांचे आरटीएक्स ३०५० ग्राफिक कार्ड १३०, बाकी बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ५० धरा. झाले ४३३ वॅट. त्यांच्या पेटीतला पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, म्हणजे अगदी काठावर. शिवाय पॉवर सप्लाय भिंतीतून घेतलेली सगळी वीज पुढे देत नाही. शंभरातले पंच्याऐंशी देतो असे धरले तर भिंतीतून ५०९ वॅट ओढले जातात. पडद्याचे ३० मिळवले की ५४० ओलांडले नाहीत एवढेच. सगळे भाग एकाच वेळी जोरात चालण्याचे प्रसंग थोडे, पण ते येतात ते कामाच्या ऐन भरात. त्याच क्षणी वीज गेली तर ६०० व्हीएचा यूपीएस सांभाळण्याऐवजी धाडकन बंद पडेल आणि तीन तासांचे काम जाईल. जिथे वीज दिवसातून चारदा लपंडाव खेळते तिथे ही बाब प्रोसेसरच्या वेगाहून मोठी आहे.

उरली उष्णता. खाल्लेली प्रत्येक वॅट वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. मे महिन्यात खानदेशात वा मराठवाड्यात पत्र्याखालच्या दुकानात बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. या प्रोसेसरची तापमानमर्यादा १०० अंश आहे. खोलीच ४२ अंशांवर असेल तर तो तिथे लवकर पोहोचतो आणि स्वतःहून वेग कमी करतो.

रखडते ते नेमके काय?

आम्ही त्यांना सांगितले, पैसे आठवडाभर खिशातच ठेवा आणि एक वही घ्या. संगणकामुळे जेव्हा जेव्हा हात बांधून बसावे लागेल तेव्हा मिनिटे लिहा. त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि कोणता आकडा शंभराला टेकला आहे ते लिहा : प्रोसेसर, मेमरी, डिस्क की ग्राफिक.

येथे एक खुबी लक्षात ठेवावी. त्यांच्या प्रोसेसरचे सहा कोअर मिळून बारा धागे चालवतात. एखादा प्रोग्राम एकाच धाग्यावर काम करत असेल तर तो धागा जिवाच्या आकांताने पळत असला तरी टास्क मॅनेजर प्रोसेसरचा एकूण वापर जेमतेम ८ टक्के दाखवतो. असे दिसले तर २४ कोअर घेऊन उपयोग नाही. २३ जण बसून एकाचे काम पाहतील. तिथे कामी येतो तो एकेका कोअरचा वेग. आय-५ चा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, आय-९ चा ६. नुसत्या या आकड्यांवरून साठ सेकंदांचे काम सुमारे चव्वेचाळीस सेकंदांत होईल. फरक आहे, पण तिप्पट नव्हे. पत्रिका, फ्लेक्स, हिशोबाचे प्रोग्राम, भरतकामाचे डिझाइन ही कामे बहुतांशी या जातीची. त्यांना मेमरी आणि चांगली डिस्क हवी असते.

सहा दिवसांनी वही आली. रोज सरासरी ५५ मिनिटे वाया जात होती. त्यांतली २५ मिनिटे डिस्क शंभरावर होती, कारण ते चित्रीकरण बाहेरून यूएसबीने जोडलेल्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरूनच संपादित करत. अशी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट देते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर आणि एनव्हीएमई त्याहून कितीतरी जास्त. दहा मिनिटे मेमरी भरल्यामुळे. पाच किरकोळ. प्रोसेसरमुळे फक्त १५.

आणि अंतिम चित्रफीत बाहेर काढायला लागणारे तीन तास? ते काम दुकान बंद करताना लावून जातात. सकाळी फीत तयार असते. ते तीन तास तासाभरावर आले तरी त्यांना एक पैसाही मिळत नाही. शिवाय फीत बाहेर काढण्याच्या कामातला मोठा भाग हल्ली ग्राफिक कार्डातला किंवा प्रोसेसरमधल्या चित्रविभागातला खास भाग करतो. ज्यांच्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे त्यांत तो चित्रविभागच नसतो. घेताना हे अक्षर पाहून घ्यावे.

आता रुपयांत मांडू. प्रोसेसर, मदरबोर्ड, कूलर, पॉवर सप्लाय आणि मोठा यूपीएस मिळून एक लाख, जुने भाग विकून पंधरा हजार आले असे समजा. खर्च ८५,००० रुपये. पंधरा मिनिटांचे काम तिप्पट वेगाने झाले तर रोज दहा मिनिटे वाचतात, म्हणजे वर्षाच्या ३०० दिवसांत ५० तास. कारागिराच्या तासाचे मोल १५० रुपये धरा. वर्षाला ७,५०० रुपये. ८५,००० वसूल व्हायला अकरा वर्षांहून अधिक लागतील आणि तोवर तो संगणक भंगारात गेलेला असेल.

उलट एसएसडी आणि जादा मेमरी मिळून वीस हजार लागले असे समजा. (मेमरीचे भाव २०२५ च्या उत्तरार्धात बरेच चढले, त्यामुळे भाव त्या दिवशीचाच विचारावा.) त्या ३५ मिनिटांतली २५ जरी वाचली तरी वर्षाला १२५ तास, १८,७५० रुपये. सुमारे तेरा महिन्यांत पैसे परत. बंधूंनी तेच केले आणि लग्नसराईला दुसरा कॅमेराही उभा राहिला.

मग आय-९ कोणासाठी?

कोणासाठीच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. घराच्या व फर्निचरच्या आराखड्याचे हुबेहूब चित्र काढणारे काही प्रोग्राम सर्व कोअर एकाच वेळी जुंपतात. कोरोना रेंडरर हा त्यांपैकी एक. एखाद्या सुतार-कारागिराच्या दुकानात हे काम भर दिवसा रोज चार तास चालते, गिऱ्हाईक समोर बसलेले असते आणि चित्र पाहिल्याशिवाय बयाणा देत नाही असे समजा. चार तासांचे ८० मिनिटे झाले तर रोज १६० मिनिटे सुटतात, तासाला १५० रुपयांनी ४०० रुपये. ८५,००० रुपये नऊ महिन्यांच्या आत वसूल. अशा बंधूने संकोच करू नये. मात्र ते मोकळे झालेले तास भरायला काम असले पाहिजे. काम नसेल तर वाचलेला वेळ चहाच्या टपरीवरच जातो.

त्यांनीही २५३ वॅट जाळण्याची गरज नाही. प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर त्याला दिला जाणारा व्होल्टेजही वाढवावा लागतो आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले तर वीज १० नव्हे, ३३ टक्के वाढते. शेवटचे थोडेसे यश सर्वांत महाग पडते ते यामुळे. बायॉसमध्ये वीजमर्यादा १२५ वॅटवर बांधता येते. सर्व कोअर चालत असताना वेग काहीसा घटतो, पण वीज निम्म्यावर येते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये याच कामासाठी 'इको मोड' दिलेला आहे. त्यांचा रायझन ९ ७९५०एक्स हाही कमाल २३० वॅट ओढणारा आहे, म्हणून ही सोय त्यालाही लावावी. मधला मार्ग हवा असेल तर के नसलेला आय-७ १४७०० आहे; मूळ मर्यादा ६५ वॅट, कमाल २१९, कोअर २०.

जुना आय-९ स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतले वरच्या दर्जाचे प्रोसेसर चालता चालता अडखळू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि प्रोसेसरने गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितल्याने हे होते, असे कंपनीने जुलै २०२४ मध्ये सांगितले. ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या आणि संबंधित खोकेबंद प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली गेली. दुरुस्ती नुकसान रोखते. आधीच झिजलेला प्रोसेसर तिने बरा होत नाही. तेव्हा कोणी वर्षभर पिटाळलेला नग बिलाशिवाय विकत असेल तर भाव कितीही उतरला तरी हात लावू नये. नवा घेताना खोकेबंदच घ्यावा, सुटा नको; सुट्या नगाची हमी ज्याने विकला त्याच्याकडेच मागावी लागते. बिल पक्के घ्यावे. जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्याला त्यावरच्या कराची वजावटही मिळते, कंपोझिशन योजनेतल्याला नाही.

हप्त्यांविषयीही विचारले जाते. "व्याज नाही" असे सांगून दिल्या जाणाऱ्या कार्डावरच्या हप्त्यांत पुष्कळदा बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो. व्याजावरचा जीएसटी वेगळा. ज्यांना व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही त्यांनी रोखीचा भाव आधी लिहून घ्यावा, मग हप्त्याच्या कागदातला तपशील वाचावा. दोन भावांत फरक दिसला की तो कशाचा, हे विक्रेत्याला तिथेच विचारावे.

आणि प्रोसेसर बसवलाच तर त्याच दिवशी, पहिले काम उघडण्याआधी, मदरबोर्ड कंपनीच्या स्थळावरून बायॉसची ताजी आवृत्ती चढवावी आणि वीजमर्यादा कितीवर ठेवली आहे ते पाहावे. अनेक बोर्ड ती कारखान्यातूनच मोकळी सोडून देत असत.