चूळ भरली, पण थर सुटला का?

जयपूरच्या शास्त्री नगरातल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे, ‘माउथवॉशने तोंडातले जंतू खरंच मरतात का? ते वापरलं तर रात्रीचा ब्रश चुकला तरी चालेल का?’

ताई, जंतू मरतात; पण रात्रीचा ब्रश चुकवू नका.

याचं कारण 1683 सालीच कळलं होतं. हॉलंडच्या लेव्हेनहूकने दातांवरचा पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात जिवाणू वळवळत होते. त्याने कडक व्हिनेगरने चूळ भरली, तरी थरातले पुष्कळ जिवंतच राहिले. तोच थर पाण्यात कालवून त्यात व्हिनेगर घातलं, तेव्हा मात्र ते लगेच मेले. व्हिनेगर कमी पडलं नव्हतं. ते थराच्या आत पोचलंच नव्हतं. आजचं माउथवॉशही तिथेच अडतं. लाळेतले जंतू काही तास कमी होतात, पण चिकटलेला थर घासूनच निघतो. दोन दातांच्या फटीतला फ्लॉसने.

माउथवॉशमध्ये सर्वांत परिणामकारक क्लोरहेक्सिडिन. ते दातांना आणि गालांच्या अस्तराला धरून राहतं, त्यामुळे सुमारे 12 तास काम करतं. हिरडीची शस्त्रक्रिया झाल्यावर ब्रश लावता येत नाही, तेव्हा त्याचा मोठा आधार. 0.2 टक्क्यांचं असेल तर 10 मिली, दिवसातून दोनदा, मिनिटभर तोंडात खळखळवून थुंकायचं. ब्रशनंतर अर्धा तास थांबा. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्याने त्याचा गुण उतरतो. वापर मात्र डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. लांबवलात तर दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव बिघडते. शिवाय जिभेवरचे काही जंतू आपल्या कामाचे असतात. पालेभाज्यांतल्या नायट्रेटचं ते नायट्राइट करतात आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. सगळेच मारून कसं चालेल?

तुमच्याकडची आणखी एक गोष्ट. राजस्थानात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त असतं. घरी बोअरचं पाणी पीत असाल, तर फ्लोराइडचं माउथवॉश दंतवैद्यांना विचारूनच घ्या. सहा वर्षांखालच्या मुलांना तर कुठलंच देऊ नका. ती गिळून टाकतात.

घासताना हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा तोंडाचा वास जात नसेल, तर वासावर पुदिन्याचा सुगंध चढवत बसू नका. दंतवैद्यांकडून दात साफ करून घ्या. मग रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं ब्रश. एवढं नेमाने केलंत, तर बहुतेकांना माउथवॉशची गरजच पडत नाही.