चि. मधुकरास पत्र

रत्नागिरी,
कार्तिक वद्य 3, शके 1879

चि. मधुकर यास अनेक उत्तम आशीर्वाद विशेष.

परवाच्या बोटीने गिरगावाहून आलेल्या तुझ्या आतोबांनी, ओटीवर इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर आणि वहिनी आत गेल्याची खात्री करून घेतल्यावर, जे माझ्या कानांवर घातले, ते ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. तू इंग्रजी शब्दकोड्यांच्या नादी लागला आहेस, दर आठवड्यास प्रवेशशुल्कासह कूपने धाडतोस, आणि त्या पैशांची तोंडमिळवणी व्हावी म्हणून रात्रीचे जेवण सोडले आहेस, हे खरे काय?

तुझी वहीही त्यांनी पाहिली. एकाच शेपटीचे शब्द पानोपानी एकाखाली एक मांडलेले : ए-एस-एच या अक्षरांवर संपणारे कॅश, डॅश, लॅश, रॅश, अर्थ मात्र एकाही शब्दापुढे नाही. कोड्यात सी हे अक्षर आणि ही शेपटी यांच्यामध्ये एक घर मोकळे ठेवतात; तेथे एल घातला तर क्लॅश होतो, आर घातला तर क्रॅश. दोन हट्टी माणसांच्या भांडणाचा शेवट कशात होतो, असे विचारले तर दोन्ही उत्तरे सारखीच शोभतात, आणि त्यांतले कोणते खरे, हे कोशावरून नव्हे, तर चालकाने अगोदर मोहोरबंद करून ठेवलेल्या लिफाफ्यावरून ठरते. मग तुझ्या विद्येचे तेथे काय काम? शब्दांच्या तू कवड्या केल्यास, बाळ, आणि कवड्या खुळखुळविण्यास विद्या लागत नाही.

कायद्याने मुभा आहे, असे तू आतोबांना म्हणालास. 1955 च्या कायद्याने परवाना घेऊन महिन्याला एक हजार रुपयांपर्यंतची बक्षिसे देण्यास मोकळीक ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु ती मर्यादा अशा स्पर्धांना आळा घालण्यासाठी आहे, उत्तेजनासाठी नव्हे. बंगळूरच्या साप्ताहिकातील कोड्यांवरून मुंबई राज्याने लढविलेल्या खटल्यात गेल्या 9 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा जो फैसला झाला, त्यात सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून मनुयाज्ञवल्क्यांपर्यंतचे दाखले देऊन, जुगार हा व्यापार नव्हे, असा निर्वाळा दिला आहे. ते सूक्त काढून वाच. त्यातल्या जुगाऱ्याला आपले नुकसान कळते, घर दुरावल्याचे दुःख होते, आणि तरीही फासे वाजले की त्याचे पाय तिकडेच वळतात. मला भय वाटते ते या वळणाऱ्या पायांचे. गेलेल्या चार रुपयांचे नव्हे.

पण खरे सांग, रात्री तू जेवतोस ना?

तुझे वडील मला वडील बंधूच होते. आमचे तीर्थरूप गेले तेव्हा मी नुकता मॅट्रिक झालो होतो. कॉलेजचा विचार सोडून मला कचेरीत कारकुनीवर रुजू व्हावे लागले. तर्खडकरांच्या भाषांतरमालेतील वाक्ये मला तोंडपाठ होती, आणि दरखास्तींच्या मसुद्यांत माझे इंग्रजी कधी अडले नाही. परंतु त्या भाषेतला एकही थोर ग्रंथ दफ्तराच्या रगाड्यात अथपासून इतिपर्यंत वाचण्यास सवड मिळाली नाही, आणि पेन्शन झाल्यावर सवड मिळाली तेव्हा डोळे अधू झाले. ही खंत मी तुझ्या वडिलांनाही कधी बोलून दाखविली नाही. ज्या दारात मी नुसता उभा राहिलो त्यातून तू आत जावेस, एवढ्यासाठी तुला मुंबईस धाडले आहे.

अक्षरे सारखी असलेले शब्द गोळा करण्याची हौस वाईट नाही. उलट मला तिचे कौतुकच वाटते. मात्र ती सारखेपणाच्या मुळापर्यंत गेली पाहिजे. एस-पी-ई-सी-टी ही अक्षरे घे. इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, सस्पेक्ट या सर्वांच्या पोटी पाहणे या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे, आणि पां. वा. काण्यांनी ज्या रत्नागिरीत एके काळी अध्यापन केले, तेथेच संस्कृताचे पाठ घेतलेल्या तुला, पाहणे याच अर्थाच्या ईक्ष् धातूपासून परीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा कशा झाल्या, हे मी का सांगावे? उपसर्ग बदलताच पाहण्याची तऱ्हा कशी बदलते, हे दोन्ही भाषांत ताडून पाहा. आणि ओ-यू-जी-एच ही चारच अक्षरे टफमध्ये एक, थ्रूमध्ये दुसरा आणि कॉफमध्ये तिसराच उच्चार का घेतात, हेही शोध. पूर्वी तेथे घशातून निघणारा एक ध्वनी होता; छपाईने लिखाण गोठले आणि बोलणे मात्र पुढे बदलत गेले. अशी वही केलीस तर ती मी स्वतः वाचून घेईन, नाहीतर तुझ्या आईकडून वाचवून घेईन.

मी कठोर लिहिले असेन. तुझ्यावर माझा अविश्वास नाही. आपल्या घरात पैशाची ओढ काय असते हे तू लहानपणापासून पाहिलेस, आणि एका बक्षिसात आईचे सगळे ओझे उतरवावे असेच तुझ्या मनात आले असणार, हे मला कळते. ते ओझे उतरविण्याची घाई तू करू नकोस. वहिनींना मी यातले अवाक्षर सांगितलेले नाही, आणि सांगणारही नाही.

सोबत पंधरा रुपयांची मनीऑर्डर करीत आहे. ते खाणावळवाल्याकडे आगाऊ भरून दोन्ही वेळा जेवत जा. परतणाऱ्या आतोबांबरोबर आमसुले आणि फणसपोळी दिली आहे, ती मित्रांना वाटण्याआधी स्वतः खा. कोड्यांचे काय केलेस ते लिहिलेस तर मला बरे वाटेल. ते लिहिण्यास संकोच वाटला, तर नुसती प्रकृती कळव, पण पत्र टाक. नाताळच्या सुटीत ये. आई दिवस मोजते आहे, आणि मीही.

तुझा,
काका