किल्ल्यावरून सुटलेला दगड

ग्वाल्हेरचा किल्ला पाहावयास गेलेल्या प्रत्येकाचे पाय तटाच्या कडेशी थबकतात. खाली गावातील घरे काड्यापेट्यांएवढी दिसतात. आमच्या सहलीत एका विद्यार्थ्याने तेथून सहज एक दगड खाली सोडला. पहारेकरी ओरडला, "नीचे लोग रहते हैं!" विद्यार्थी ओशाळून पुटपुटला, "एवढासा तर दगड!" त्या ‘एवढाशा’ दगडाचा हिशेब येथे मांडतो.

किल्ल्याची टेकडी भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ३०० फूट उंच आहे. सोयीसाठी ९० मीटर धरू, आणि दगडाला वाटेत कडा आडवा आला नाही असे समजू. दगड नुसता सोडला, फेकला नाही; म्हणून प्रारंभिक वेग शून्य. (याच किल्ल्याच्या चढणीवरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यातील २७० व ५० या संख्यांत शून्य लहानशा वर्तुळाने कोरलेले आहे. आपल्या उदाहरणातील शून्य जणू तेथलेच!)

गतीचे तिसरे समीकरण सर्वांना पाठ असते:

अंतिम वेगाचा वर्ग = प्रारंभिक वेगाचा वर्ग + २ × त्वरण × अंतर

गुरुत्व त्वरण ९.८ घेतले, तर

० + २ × ९.८ × ९० = १७६४

याचे वर्गमूळ ४२. म्हणजे दगड सेकंदाला ४२ मीटर, अर्थात ताशी सुमारे १५१ किलोमीटर वेगाने आदळेल. त्यास लागणारा वेळ ४२ ÷ ९.८, म्हणजे सुमारे ४.३ सेकंद.

येथे विद्यार्थी हमखास तीन चुका करतात.

पहिली : "जमिनीवर दगड थांबतो, म्हणून अंतिम वेग शून्य." हे बरोबर नाही. आपले समीकरण जमिनीला स्पर्श होण्याच्या क्षणापर्यंतच लागू आहे. त्यानंतर जमिनीचा जोर सुरू होतो आणि त्वरण ९.८ राहत नाही.

दुसरी : "उंची निम्मी, तर वेगही निम्मा." वेग उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा, म्हणजे २१, व्हावयास उंची चौथाई, म्हणजे २२.५ मीटर, करावी लागेल.

तिसरी : दगड १० मीटर वेगाने खाली फेकला, तर ४२ अधिक १० म्हणजे ५२. वस्तुतः वर्गांची बेरीज करावयाची असते: १०० + १७६४ = १८६४; वेग सुमारे ४३.२. गंमत अशी, की तोच दगड १० मीटर वेगाने सरळ वर फेकला तरी उत्तर हेच येते, कारण उणे दहाचा वर्गही शंभरच!

आता हवेचा विचार करू. वरील हिशेबात तिचा विरोध धरलेला नाही. सुमारे १५० ग्रॅमच्या गोलसर दगडासाठी तो धरला, तर वेग ३५ च्या आसपास, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर, उरतो. गतिज ऊर्जा ½ × ०.१५ × ३५ × ३५, म्हणजे सुमारे ९२ ज्यूल.

क्रिकेटचा चेंडूही जवळपास याच वजनाचा असतो आणि मध्यम-वेगवान गोलंदाज तो साधारण याच वेगाने टाकतो. फलंदाजाच्या हाती निदान बॅट असते, आणि चेंडू येणार हे त्यास ठाऊक असते. तटाखालून जाणाऱ्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. पहारेकऱ्याने हे समीकरण कधी मांडले नसेल. उत्तर मात्र त्याचेच बरोबर होते.