अवकाशातील दुर्बिणी आणि पडद्याआडचे विश्व

दुर्बीण अवकाशात कशासाठी पाठवावयाची, असा प्रश्न केला तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ताऱ्यांच्या जवळ जाण्यासाठी. हे उत्तर सहज पटण्यासारखे असले तरी ते खरे नाही. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे चाळीस लाख कोटी किलोमीटर दूर आहे. भारताची ‘ॲस्ट्रोसॅट’ ही वेधशाळा पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरते. दुधनीहून मुंबई जेवढी दूर, त्याहून हे अंतर काहीसे अधिक. एवढे वर गेल्याने तारे जवळ येत नाहीत. मग एवढा खटाटोप कशासाठी?

हवेचा पडदा

याचे कारण आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुधनी स्थानकाच्या फलाटावरून दूरवर पाहिले, तर रूळ पाण्यासारखे हलताना दिसतात. रूळ स्थिरच असतात. हलते ती तापलेली हवा. ताऱ्यांचे लुकलुकणे हाही हवेचाच खेळ आहे. तारा आपल्या जागी संथपणे तेवत असतो, परंतु त्याचा किरण हवेच्या कमीअधिक तापलेल्या थरांतून वाकतवाकत आपल्यापर्यंत येतो. दुर्बिणीचा आरसा नुसता मोठा केल्याने हा दोष जात नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपण ज्याला प्रकाश म्हणतो तो प्रारणाचा एक लहानसा पट्टा आहे. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त किरण आहेत, जांभळ्याच्या पलीकडे जंबुपार किंवा अतिनील किरण आहेत आणि त्याही पलीकडे क्ष-किरण व गॅमा किरण आहेत. हवेतील ओझोन बहुतेक जंबुपार किरण अडवितो, पाण्याची वाफ अवरक्त किरणांचा मोठा भाग गिळते आणि क्ष-किरण तर जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. जीवसृष्टीच्या दृष्टीने हे वरदानच होय. परंतु खगोलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा एक जाड पडदा आहे. रेडिओ लहरींना मात्र हा पडदा अडवीत नाही. म्हणूनच नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उघड्या माळावर उभ्या राहून आपले काम करू शकतात. क्ष-किरणांची वा जंबुपार किरणांची दुर्बीण अशी माळावर उभारून भागत नाही.

हबल आणि रिकामे आकाश

वातावरणाबाहेर दुर्बीण नेण्याचा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९४६ मध्ये मांडला. त्या विचारातून पुढे आकारास आलेली २.४ मीटर व्यासाच्या आरशाची हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली. आरशाच्या घडणीत राहिलेल्या दोषावर अंतराळवीरांनी डिसेंबर १९९३ मध्ये वर जाऊन उपाय केला. डिसेंबर १९९५ मध्ये या दुर्बिणीने आकाशाच्या एका अगदी लहान, वरवर पाहता रिकाम्या भागाकडे दहा दिवस टक लावून पाहिले. हात लांब करून बोटावर वाळूचा कण धरावा, तेवढाच तो भाग. त्यात सुमारे तीन हजार दीर्घिका आढळल्या. आपली आकाशगंगा ही ताऱ्यांची अशीच एक दीर्घिका आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी पाहिलेला प्रकाश

या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्या महाराष्ट्रात लिहिले गेले आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ॲस्ट्रोसॅटचे उड्डाण झाले. तिच्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. जंबुपार दुर्बीण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था त्या कामात सहभागी होती. ही वेधशाळा पाच वर्षे चालावी अशी अपेक्षा होती. २०२५ मध्ये तिने दहा वर्षे पूर्ण केली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ॲस्ट्रोसॅटने आकाशाच्या एका भागाचे २८ तासांहून अधिक काळ निरीक्षण केले. हबलने हाच भाग पूर्वी बारकाईने तपासलेला होता. आयुकातील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांना या निरीक्षणांत ९.३ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला तीव्र जंबुपार प्रकाश सापडला. त्याचा उगम एका दूरच्या दीर्घिकेत होता. बारकाईने छाननी झाल्यावर, ऑगस्ट २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

या प्रकाशाचे एवढे महत्त्व का? विश्वाच्या आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सर्वत्र उदासीन हायड्रोजन वायू भरून राहिला. तारे अद्याप जन्मले नव्हते. सगळीकडे अंधार होता. पुढे पहिले तारे पेटले आणि त्यांच्या तीव्र जंबुपार किरणांनी हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन वेगळे केले. विश्वाचे अंधारयुग असे संपले असे मानतात. परंतु हे किरण दीर्घिकेतल्याच हायड्रोजनमध्ये शोषले जातात. मग ते बाहेर निसटतात कसे? ॲस्ट्रोसॅटने पाहिले ते असेच निसटलेले किरण. विश्वाच्या प्रसरणामुळे त्यांची तरंगलांबी जवळजवळ अडीचपट ताणली गेली होती, म्हणूनच ते या दुर्बिणीच्या टप्प्यात आले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ॲस्ट्रोसॅटच्या जंबुपार दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटिमीटर व्यासाचा आहे. हबल तिच्यापुढे कितीतरी मोठी. तरीही तिला हे किरण टिपता आले नव्हते. ॲस्ट्रोसॅटच्या उपकरणात स्वतःचा ‘गोंगाट’ फार कमी आहे, म्हणून एवढा क्षीण प्रकाशही तिला वेगळा ओळखता आला. गजबजलेल्या बाजारात मोठ्याने मारलेली हाक ऐकू येत नाही. शांत खोलीत कुजबुजही ऐकू येते, तसाच हा प्रकार.

अलकनंदा

२५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. तिचा आरसा ६.५ मीटर व्यासाचा असून ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर राहून अवरक्त किरणांत विश्व न्याहाळते. तिने घेतलेली निरीक्षणे तपासताना पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना एक सर्पिल दीर्घिका आढळली. तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वी निघाला, म्हणजे विश्वाचे वय तेव्हा केवळ दीड अब्ज वर्षे होते. मंदाकिनी हे आकाशगंगेचे हिंदी नाव. मंदाकिनी आणि अलकनंदा या हिमालयातील भगिनी-नद्या. म्हणून या दीर्घिकेला ‘अलकनंदा’ हे नाव देण्यात आले. हा शोध नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशी रेखीव, दोन बाहूंची दीर्घिका घडण्यास पुष्कळ काळ लागतो आणि आरंभीच्या विश्वात दीर्घिका अस्ताव्यस्तच असणार, अशी समजूत होती. पूर्वीच्या दुर्बिणींना तशी दीर्घिका तेवढ्या दूरवर स्पष्ट दिसत नव्हती, हेही त्या समजुतीचे एक कारण होते. अलकनंदेने तिला धक्का दिला.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला काय त्याचे?

हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. माझे उत्तर असे की, खगोलशास्त्र हे एका अर्थी इतिहासाचेच शास्त्र आहे. आपल्यापर्यंत येणारा प्रत्येक किरण म्हणजे भूतकाळातून आलेला अस्सल कागद होय. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत, कारण अस्सल साधनांवाचून इतिहास लिहू नये असा त्यांचा आग्रह होता. दप्तरात एखाद्या घराण्याचा, जातीचा किंवा स्त्रीचा उल्लेख नाही, म्हणून ती माणसे नव्हतीच असे म्हणता येत नाही. तो दप्तर लिहिणाऱ्याच्या दृष्टीचा दोष असू शकतो. आकाशाच्या बाबतीत शास्त्रज्ञांना हाच धडा पुनःपुन्हा मिळाला आहे. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. पाहणाऱ्याच्या साधनाची मर्यादा आधी तपासली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. आयुका हे ‘आंतरविद्यापीठीय’ केंद्र आहे. विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापक-विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची दारे उघडावीत याच हेतूने ते १९८८ मध्ये स्थापन झाले. त्याचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषविले. २०२५ मध्ये ते निवर्तले. परंतु साहित्य आणि विज्ञान यांच्यात भिंत नसते, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले. ॲस्ट्रोसॅटची संग्रहित निरीक्षणे २०१८ पासून सर्वांसाठी खुली आहेत. त्यांचा अभ्यास करण्यास गणित व भौतिकी शिकावी लागेल, हे खरे. पण सीमेवरच्या या लहान गावात मराठी आणि कानडी अशा दोन भाषा ज्यांनी आपोआप शिकल्या, त्यांनी तिसऱ्या भाषेला, म्हणजे प्रकाशाच्या भाषेला, भिण्याचे कारण नाही.