लॅपटॉपमधला दुभाष्या

मे महिन्यात जळगावचा पारा कधी कधी ४५ अंशांवर जातो. धुळ्यातही उन्हाची झळ लागते. अशा वेळी वीज गेली, की लॅपटॉप बॅटरीवर चालवावा लागतो. ती किती वेळ पुरेल?

थोडे गणित करू या. समजा, बॅटरीत ५० वॅट-तास वीज साठते. लॅपटॉपला १० वॅट लागत असतील, तर तो ५ तास चालेल. ५ वॅटच लागले, तर १० तास चालेल. बॅटरी तीच, फरक वापराचा.

लॅपटॉपचे सर्व भाग एका मुख्य प्रणालीच्या हुकमाने चालतात. लिनक्स ही अशीच एक प्रणाली आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा तयार केला. तो सर्वांना पाहण्यास व सुधारण्यास खुला आहे.

आता असे पाहा. एकाला फक्त उर्दू येते, दुसऱ्याला फक्त मराठी. दोघांमध्ये दुभाष्या हवाच. लिनक्स आणि वाय-फाय, कॅमेरा यांसारखे भाग यांच्यामध्येही दुभाष्या लागतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. तो चांगला असेल, तर रिकाम्या भागाला 'झोप' हा हुकूम कळतो व वीज वाचते. तो नसेल, तर भाग चालतच नाही किंवा उगाच जागा राहून बॅटरी संपवतो.

जुने लिनक्स तयार झाले, तेव्हा आजचे नवे भाग नव्हतेच. मग त्यांचा दुभाष्या त्यात कोठून असणार? म्हणून नव्या लॅपटॉपवर नवे लिनक्स घ्यावे. गाभ्याची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे. वाय-फाय लागते का? झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो का? उघडल्यावर जागा होतो का?

उष्णतेने बॅटरी लवकर थकते. म्हणून लॅपटॉप उन्हात ठेवू नका. काही लॅपटॉपांत लिनक्समधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येते. त्यानेही बॅटरी अधिक वर्षे टिकते.

हे दुभाषे माणसेच लिहितात. मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. दोन भाषा शिकणाऱ्या मुलांनो, उद्या असा एखादा दुभाष्या तुम्ही का लिहू नये?

शब्दार्थ : दुभाष्या - एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा; गाभा - आतील मुख्य भाग; झळ - उष्णतेचा त्रास.

प्रश्न : ड्रायव्हर नसेल तर बॅटरी लवकर का संपते?